ट्यूमची टाकी : ७९६ मृत्युनोंदी आणि एक जुना नकाशा

१९७५ साल. आयर्लंडच्या पश्चिम भागात, गॉलवे परगण्यात, ट्यूम नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे नुकत्याच उभ्या राहिलेल्या सरकारी घरांच्या वसाहतीमागे मोकळ्या जागेत दोन मुले खेळत होती. खेळता खेळता पायाखालची काँक्रीटची लादी पोकळ वाजली. मुलांनी ती सरकवली. आत हाडे होती, लहान लहान कवट्या होत्या. मुले घाबरून पळाली. मोठ्यांपर्यंत बातमी गेली, एक पाद्री येऊन प्रार्थना म्हणून गेला आणि खड्डा पुन्हा बुजवण्यात आला.

गावाने एक स्पष्टीकरणही स्वीकारले. ही हाडे १८४० च्या दशकातल्या महादुष्काळात मेलेल्यांची असावीत. आयर्लंडमध्ये असे स्पष्टीकरण सहज पटते, कारण त्या दुष्काळाने दहा लाखांच्या आसपास माणसे मारली आणि त्यांतील असंख्य जण बेवारस पुरले गेले. वसाहतीतल्या काही भल्या माणसांनी त्या जागेवर गवत राखले, फुले लावली, मेरीमातेची एक मूर्ती बसवली.

त्या लादीखाली खरोखर काय होते, हे सरकारी कागदावर यायला पुढे ४२ वर्षे लागली. हा धागा त्या वर्षांचा आणि मैल्याच्या एका टाकीचा आहे. विषय बालमृत्यूंचा आहे, याची कल्पना आधीच दिलेली बरी.

प्रथम जागेविषयी. ट्यूमचे वर्कहाऊस, म्हणजे निराधारांसाठी सरकारने उभारलेली, काम करून घेऊन पोटाला घालणारी इमारत, १८४६ मध्ये सुरू झाली. सुमारे आठशे माणसांची सोय तिच्यात धरली होती. इतकी माणसे एका आवारात कोंबायची तर त्यांच्या सांडपाण्याची आणि मैल्याची व्यवस्था हवी, म्हणून इमारतीच्या मागे जमिनीखाली एक मोठी बांधीव टाकी होती. इमारत उघडली तीच दुष्काळात. पुढे यादवी युद्धाच्या काळात, एप्रिल १९२३ मध्ये, याच आवारात सहा तरुण बंडखोरांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचे स्मारक आजही गावात आहे.

१९२५ मध्ये या रिकाम्या इमारतीत एक नवी संस्था आली. कागदोपत्री ती ‘मदर अँड बेबी होम’ होती. गाव तिला नुसते ‘होम’ म्हणे. इमारत गॉलवे काउंटी कौन्सिलच्या मालकीची, खर्च सार्वजनिक निधीतून आणि कारभार बॉन सेकूर या कॅथलिक पंथाच्या नन्सकडे. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या मुलींना येथे आणले जाई. कधी घरचेच आणून सोडत, कधी गावचा पाद्री व्यवस्था करी. बाळंतपणानंतर साधारण वर्षभर त्या मुलीने तेथेच बिनपगारी काम करायचे आणि मग बाळ मागे ठेवून निघून जायचे, अशी रीत होती. कायदेशीर दत्तकविधान आयर्लंडमध्ये आले तेच मुळी १९५२ च्या कायद्याने. तोवर ही मुले काही वर्षे होममध्ये वाढत आणि नंतर कुठल्या तरी कुटुंबाकडे सांभाळायला, बऱ्याचदा शेतावर राबायला, दिली जात.

सर्वच मुले तितकी वर्षे जगत नव्हती. आयर्लंड सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या २०२१ च्या अंतिम अहवालानुसार या संस्थेतून २,२१९ स्त्रिया आणि ३,२५१ मुले गेली. त्या मुलांपैकी ९७८ मरण पावली. त्यांतील ऐंशी टक्के एक वर्षाच्या आतली होती. मृत्युनोंदींत गोवर, डांग्या खोकला, इन्फ्लुएन्झा, ब्राँकायटिस, अतिसार, क्षय, आकडी अशी कारणे पुन्हा पुन्हा येतात. गर्दीच्या वॉर्डात एकाला गोवर आला की आठवड्याभरात ओळीने मृत्यू नोंदले गेलेले दिसतात. १९४० च्या दशकातली काही वर्षे सर्वांत वाईट होती. हे गुपित होते असे मानण्याचे कारण नाही. सरकारी निरीक्षक येत होते आणि अशक्त, खंगलेल्या मुलांविषयी लिहीतही होते. १९६१ मध्ये होम बंद झाले. पुढे इमारत पाडून तेथे घरे बांधण्यात आली आणि ती दोन मुले खेळायला आली.

कॅथरीन कॉरलेस या ट्यूमजवळच राहणाऱ्या गृहिणी. त्या विद्यापीठीय इतिहासकार नाहीत. स्थानिक इतिहासाची आवड आणि त्यासाठी केलेला एक संध्याकाळचा अभ्यासक्रम, एवढीच त्यांची शिदोरी. होमची मुले त्यांच्या शाळेत येत. ती इतरांपेक्षा उशिरा येत, लवकर परत नेली जात आणि वर्गात वेगळी बसवली जात. रस्त्यावरून चालताना त्यांच्या जड, खिळे ठोकलेल्या बुटांचा आवाज होई. लहानपणी कॉरलेस यांनी दुसऱ्या एका मुलीचे पाहून होममधल्या एका मुलीला चॉकलेटचा रिकामा कागद, आत काहीतरी असल्यासारखा गुंडाळून, भेट म्हणून दिला होता. ती मुलगी आनंदाने घेऊन उघडू लागली. पुढे अनेक मुलाखतींत कॉरलेस यांनी ही आठवण सांगितली आहे. आपल्या संशोधनाच्या मुळाशी तो कागद असल्याचे त्या मानतात.

स्थानिक इतिहास मंडळाच्या नियतकालिकासाठी होमवर एक लेख लिहायचा, इतकाच त्यांचा मूळ हेतू होता. त्यांनी गॉलवेच्या निबंधक कार्यालयात विचारले : १९२५ ते १९६१ या काळात होममध्ये मेलेल्या मुलांच्या नोंदी मिळतील का? आकडा वीस-तीसचा निघेल असा अंदाज होता. काही दिवसांनी कार्यालयातून फोन आला, नोंदी शेकड्यांनी आहेत, सगळ्या हव्यात का? त्यांनी सगळ्या मागवल्या. प्रत्येक दाखल्याचे चार युरो स्वतःच्या खिशातून भरले. यादी ७९६ नावांवर थांबली. (आयोगाचा ९७८ हा आकडा याहून मोठा आहे, कारण आयोगाला संस्थेची स्वतःची कागदपत्रे पाहता आली.)

यानंतरची त्यांची पायरी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वर्गात शिकवण्याजोगी आहे. ७९६ मृत्यू नोंदले गेले असतील, तर दफनेही तितकीच व्हायला हवीत. कॉरलेस यांनी गावाच्या दफनभूमीच्या नोंदवह्या पाहिल्या, आसपासच्या दफनभूमींच्याही. होमच्या रस्त्यापलीकडेच गावाची मोठी दफनभूमी होती, पण एखाद्दुसरा अपवाद सोडला तर तिथे या मुलांची नोंद नव्हती. मृत्यूची वही भरलेली आणि दफनाची वही कोरी. मधली मुले गेली कुठे?

उत्तर नकाशांत सापडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या नकाशात वर्कहाऊसच्या मागे मैल्याची टाकी दाखवली होती. १९७० च्या दशकातल्या वसाहतीच्या नकाशावर जवळजवळ त्याच जागी कुणीतरी हाताने ‘दफनभूमी’ असे लिहून ठेवले होते. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले की मुलांनी सरकवलेली लादी त्याच चौकोनात येत होती. कॉरलेस यांच्या माहितीप्रमाणे १९३७ च्या सुमारास होमचे सांडपाणी गावाच्या मुख्य गटाराला जोडले गेले आणि टाकी निकामी झाली. म्हणजे तेव्हापासून वापरात नसलेली एक बांधीव, झाकलेली, जमिनीखालची पोकळी आवारात तयार होती. हे सर्व त्यांनी २०१२ मध्ये त्या नियतकालिकात, अत्यंत सौम्य भाषेत, छापले. फारसे कुणी लक्ष दिले नाही.

मे २०१४ मध्ये एका आयरिश रविवारच्या वृत्तपत्राने ही बातमी पहिल्या पानावर घेतली आणि आठवड्याभरात ती जगभर गेली. पण जाताना तिचे रूप पालटले. ‘८०० अर्भकांचे मृतदेह सेप्टिक टँकमध्ये फेकले’ असे मथळे झळकले. आपण ‘फेकले’ हा शब्द कधीच वापरला नव्हता, असे कॉरलेस यांना जाहीरपणे सांगावे लागले. एका मोठ्या वृत्तसंस्थेला आपल्या बातमीत दुरुस्त्या छापाव्या लागल्या. मग लाट उलटी फिरली. १९७५ मधल्या त्या मुलांपैकी एकाने, आता प्रौढ झालेल्याने, सांगाडे वीसेक असतील असे सांगितले होते. त्यावरून ‘वीस म्हणजे आठशे नव्हेत’ असा युक्तिवाद सुरू झाला. टाकी १९३७ पर्यंत वापरात असेल तर त्याआधी मेलेली दोनशेच्या आसपास मुले तिच्यात असणे शक्य नाही, हाही आक्षेप आला, आणि तो मुळात रास्त होता. परंतु या रास्त आक्षेपाच्या आडून अनेकांनी निष्कर्ष काढला तो असा, की सारे प्रकरणच बनाव आहे. मुले कुठे आहेत, हा प्रश्न बाजूला राहिला आणि त्या टाकीला काय म्हणायचे यावर भांडण जुंपले.

त्या शब्दाचीही थोडी चौकशी करू. सेप्टिक टँक ही संज्ञा ट्यूमच्या टाकीहून लहान आहे. फ्रान्समधल्या व्हेझूल गावच्या झाँ-लुई मुरास यांनी बंदिस्त, आपोआप काम करणाऱ्या मैलाटाकीचे पेटंट १८८१ मध्ये घेतले. इंग्लंडमधल्या एक्झिटर शहराचे सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ च्या सुमारास आपल्या टाकीला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. हवा नसलेल्या बंद जागेत जिवाणू मैला कुजवतात, गाळ तळाशी बसतो, वरचे पाणी पुढे जाते, हे त्या यंत्रणेचे मर्म. १८४० च्या दशकातले वर्कहाऊसचे बांधकाम त्याआधीचे आहे. ते मैला साठवण्यासाठी होते, तो कुजवण्याचे शास्त्र तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. तेव्हा ‘ती सेप्टिक टँक नव्हतीच’ असे म्हणणारे तांत्रिकदृष्ट्या काही अंशी बरोबर होते. त्या अचूकपणाचा त्या मुलांना काही उपयोग नव्हता, एवढेच.

फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यायाधीश इव्हॉन मर्फी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग स्थापन झाला. २०१६ च्या अखेरीस आणि २०१७ च्या आरंभी त्याने त्या जागी चाचणी उत्खनन केले आणि ३ मार्च २०१७ रोजी निष्कर्ष जाहीर केले. जमिनीखाली दोन बांधकामे आढळली. एक मोठी मैलाटाकी, वापरातून काढून राडारोड्याने भरलेली आणि वर माती पसरलेली. दुसरे एक लांबट बांधकाम, वीस कप्प्यांत विभागलेले. या वीसपैकी निदान सतरा कप्प्यांत मानवी अवशेष होते, आणि लक्षणीय प्रमाणात होते. तपासलेले अवशेष सुमारे ३५ आठवड्यांच्या गर्भापासून दोन-तीन वर्षांच्या मुलांपर्यंतचे होते. कार्बन कालमापनाने ते होम चालू होते त्या काळातले ठरले. काही तर १९५० च्या दशकातले असण्याची शक्यता होती.

दुष्काळाचे स्पष्टीकरण त्या दिवशी संपले. दुष्काळातली दफने ट्यूमच्या वर्कहाऊसच्या परिसरात अन्यत्र खरोखरच सापडलेली आहेत. म्हणजे गावाची समजूत निराधार नव्हती, फक्त या खड्ड्याला ती लागू पडत नव्हती. खऱ्या इतिहासाचा एक तुकडा दुसऱ्या इतिहासावर झाकण म्हणून चाळीस वर्षे वापरला गेला. तो कुणी मुद्दाम वापरला असेल असे नाही. बहुतेकांना तो सोयीचा होता.

आयोगाचा पाचवा अंतरिम अहवाल २०१९ मध्ये आला आणि त्याने बांधकामाविषयी अधिक काटेकोर विधान केले. अवशेष मुख्य मैलाटाकीत नाहीत. निकामी झालेल्या त्या टाकीच्या आत नंतर बांधलेल्या वीस कप्प्यांच्या रचनेत आहेत. या रचनेचा नेमका हेतू निश्चित झालेला नाही, पण तो मैला किंवा सांडपाण्याशीच संबंधित असावा. तिचा तसा वापर प्रत्यक्षात झाला की नाही, हे आयोगाला ठरवता आले नाही. दफनासाठी मात्र ती बांधलेली नव्हती आणि मृतांना सन्मानाने ठेवण्याची ती जागा नव्हती, हे अहवालाने स्पष्ट म्हटले. दफनांविषयी नन्सच्या संस्थेने दिलेले प्रतिज्ञापत्र पुष्कळ बाबतींत तर्कावर आधारलेले, चुकीचे आणि दिशाभूल करणारे असल्याचे त्यात नमूद आहे. होम चालू असताना दफनांविषयी काउंटी कौन्सिलच्या सदस्यांना आणि कर्मचाऱ्यांना काहीतरी माहीत असलेच पाहिजे, असेही.

या शेवटच्या वाक्याचा भार मोठा आहे. इमारत कौन्सिलची, नंतरची वसाहतही तिचीच. वसाहतीच्या नकाशावर ‘दफनभूमी’ लिहिणारा हात कुणाचा हे कळत नाही, परंतु ज्याने लिहिले त्याला ठाऊक होते.

येथे आणखी एक नोंद जोडणे आवश्यक आहे. बॉन सेकूर नन्सनी २००१ मध्ये ट्यूममधले आपले रुग्णालय सोडले, तेव्हा तेथे पुरलेल्या आपल्या बारा भगिनींचे अवशेष त्यांनी रीतसर उकरून नॉक या तीर्थस्थानी नेले आणि पुन्हा विधिवत पुरले. मृतांना मागे सोडून जायचे नसते, हे या संस्थेला माहीत होते. जानेवारी २०२१ मध्ये संस्थेने माफी मागितली. पंतप्रधान मिहॉल मार्टिन यांनी त्याच महिन्यात संसदेत राज्याच्या वतीने मागितली.

हरवलेल्या मुलांच्या प्रकरणात घरामागची टाकी, विहीर, शोषखड्डा आधी पाहतात. झाकलेली, कुणी सहसा न उघडणारी आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही न दिसणारी अशी ती जागा असते. शोध घेणाऱ्याला हे ठाऊक असते. ट्यूममध्ये टाकी होती, तिचा नकाशा होता, १९७५ मध्ये तर तिच्यात डोकावलेले दोन साक्षीदारही होते. नव्हता तो शोध घेणारा, कारण मूल हरवल्याची तक्रार कुणी केलेली नव्हती. आईला मूल सोडून जायला लावलेले. बापाचे नाव दाखल्यावर नाही. आजी-आजोबांना नातवंड झाल्याचेच लपवायचे होते. भावंडांना तर आपल्याला असे भावंड होते हे पन्नाशी-साठीत, आईच्या मृत्यूनंतर कपाटातल्या कागदांतून कळले.

आणि त्यातल्या काहींपुढे याहून अवघड प्रश्न होता : मूल खरोखर मेले का? १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत दोन हजारांहून अधिक आयरिश मुले, बहुतेक अविवाहित मातांची, दत्तक म्हणून अमेरिकेत पाठवली गेली. त्यांच्या पासपोर्टांच्या फायली १९९० च्या दशकात राष्ट्रीय अभिलेखागारात उजेडात आल्या. त्यामुळे मृत्यूची नोंद आहे पण दफनाची नाही, अशा मुलाविषयी दोन शक्यता उरतात. एक ट्यूमच्या मातीत जाते आणि दुसरी अटलांटिकपलीकडे. काही नातेवाईक दुसऱ्या शक्यतेवर वर्षानुवर्षे जगले आहेत. त्यांना चुकीचे ठरवणारा किंवा बरोबर ठरवणारा पुरावा एकाच ठिकाणी आहे, त्या वीस कप्प्यांत.

पुरावा असूनही तो बाहेर काढायला कायदा नव्हता. अशा जागेचे उत्खनन, अवशेषांची ओळख आणि नातेवाइकांचे डीएनए नमुने या सर्वांसाठी आयर्लंडला २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याखाली डॅनियल मॅकस्वीनी यांची संचालक म्हणून नेमणूक झाली. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीत त्यांनी युद्धांत बेपत्ता झालेल्यांच्या शोधाचे काम केले होते. १४ जुलै २०२५ रोजी उत्खननाला प्रत्यक्ष सुरुवात झाली. आयरिश तज्ज्ञांसोबत कोलंबिया, स्पेन, ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतली माणसे त्या पथकात आहेत. काम सुमारे दोन वर्षे चालेल असा अंदाज तेव्हा दिला गेला.

ते अवघड का, हे हाडांकडे पाहिले की कळते. अर्भकाच्या शरीरात प्रौढाहून अधिक हाडे असतात, कारण कवटीचे भाग, मणक्याचे भाग अजून जुळलेले नसतात. बोटाचे हाड तांदळाच्या दाण्याएवढे. कप्प्यांत ती एकमेकांत मिसळलेली. एका मुलाचे हाड दुसऱ्याच्या हाडापासून वेगळे करायचे, तर प्रत्येक तुकडा मोजावा लागतो आणि इतक्या लहान हाडातून डीएनए मिळेलच याची खात्री नसते. मिळाला, तरी ताडून पाहायला जिवंत नातेवाईक हवा. आयांची पिढी जवळजवळ संपली आहे. उरलेली भावंडे सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत आणि नमुना देण्यासाठी नाव नोंदवणाऱ्यांत काही जण आयर्लंडबाहेर, इंग्लंड-अमेरिकेत राहणारे आहेत.

जागेभोवती आता उंच कुंपण आहे, आत चोवीस तास पहारा आहे. कुंपणाला लागूनच वसाहतीतली घरे आहेत, त्यांच्या मागच्या खिडक्या तिकडेच उघडतात. उकरलेली माती चाळणीतून घातली जाते आणि चाळणीवर राहिलेले हाताने निवडले जाते.